सरदाराचा चातुर्मास

मित्रांनो, मी काचेच्या टाकीत राहणारा एक मिशीवाला मासा आहे. माझी जात विचाराल, तर ती मलाही ठाऊक नाही आणि मला विकणाऱ्यालाही नव्हती. देवासच्या दुकानात मोनूने मला जाळीत उचललं आणि ठोकून दिलं, “ले जाओ भिया, सकर है. काच चाट-चाट के साफ रखेगा.” अहो, काच काय चाटायची? पण माशाला कोण विचारतो!

मला घरी नेलं ते यशराजांनी. त्यांच्या आई उमाबाई, सगळे त्यांना आईसाहेब म्हणतात, माझ्या मिशा बघून खूश झाल्या. “मेल्याचा रुबाब बघा, अगदी सरदार!” तेच माझं नाव पडलं. मला ते फार आवडलं, खोटं कशाला बोलू?

एरवी या घरात रश्श्याचा घमघमाट. पण आषाढी एकादशी झाली की आईसाहेबांचा चातुर्मास, आणि मग कांदालसूणसुद्धा बंद. टाकीतही तोच नियम. नेमावरला नर्मदेच्या घाटावर माशांना घालतात तशा कणकेच्या गोळ्या त्या रोज सकाळी प्रेमानं टाकायच्या. टाकीतले बाकीचे लाल मासे त्या मटकावायचे. मला त्या गिळवत नसत. मी दगडाआड बसून राही, पोट आत जाई. आलेल्या-गेलेल्याला आईसाहेब कौतुकानं सांगायच्या, “आमचा सरदारही व्रत पाळतो हो! चेहऱ्यावर तेज आलंय बघा.” कसलं तेज? भुकेनं माझे डोळे वर आले होते. आता आपण काही जगत नाही, असं मला वाटू लागलं.

त्यांची सून स्वप्नाली हिला मात्र चैन पडेना. तिने काचेला नाक लावून माझे फोटो काढले आणि मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकले. संध्याकाळी ती उत्तर वाचत धावत आली.

“आईसाहेब, जात कुणालाच ओळखता येत नाहीये. पण हा सकर नाही, एवढं पक्कं. सकरचं तोंड खाली असतं, काचेला चिकटणारं. याचं बघा, समोर आहे. हा किडे खाणारा आहे. इसको तो गांडूळ चाहिए! नाहीतर मरेल हा.”

यशराज म्हणाले, “चातुर्मासात? या घरात?”

आईसाहेब टाकीसमोर मटकन बसल्या. माझ्या खपाटीला गेलेल्या पोटाकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “संकल्प मी सोडला होता. या लेकरानं कुठे सोडला होता?”

“मी आणते,” स्वप्नाली म्हणाली.

“नको. उपाशी मी ठेवलं, भरवणारही मीच.”

त्यांनी परसातली ओली माती उकरली. तोंड फिरवून, “नर्मदे हर” म्हणत त्यांनी गांडूळ पाण्यात सोडलं. मित्रांनो, मी दगडाआडून सुटलो तो थेट त्यावर! मागे बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. आईसाहेब डोक्यावरून आंघोळ करायला गेल्या होत्या.

कार्तिकी एकादशीपर्यंत रोज संध्याकाळी हेच चाललं. आधी मला गांडूळ, मग त्यांची दुसरी आंघोळ. थंडी पडली, खोकला झाला, तरी त्यांनी ना व्रत सोडलं, ना मला उपाशी ठेवलं.

माझी जात अजून कुणाला कळलेली नाही, आणि मला त्याचं दुःखही नाही. तुम्ही कुणा मुक्या जिवाला घरी आणाल, तेव्हा आधी त्याचं तोंड नीट बघा, मग त्याला वाढा.