धाकटी सुखरूप आहे

दगडफुलांच्या प्रयोगशाळेत त्यांच्या दोन जातींना थोरली आणि धाकटी म्हणत. दिसायला सख्ख्या बहिणी: तीच राखाडी झालर, तेच काळे ठिपके. ब्लीचचा थेंब टाकला की थोरली लाल व्हायची, धाकटी मात्र ढिम्म. थोरलीला कुठलीही जागा चालते, मुतारीची भिंतसुद्धा. धाकटी उरली होती ओढ्यावरच्या एकाच कातळावर, तळहाताएवढी. आणि नेमका त्याच कातळावर खाणवाल्यांचा डोळा होता.

धाकटीवर 'धोक्यात' असा शिक्का बसला, की खाणीला तो कातळ सोडावा लागणार होता. शिक्का समितीच्या हातात आणि समिती काकांच्या. हे धाकटीला शोधून काढणाऱ्या तरुण संशोधिकेचे सख्खे काका. भिंग कसं धरायचं ते लहानपणी त्यांनीच शिकवलेलं. त्यामुळे ती निर्धास्त होती. कुंपणच शेत खाईल हे तिच्या स्वप्नातही आलं नाही.

स्वतः पाहिल्याशिवाय मी सही करत नाही, असं म्हणत काका कातळावर आले. तिने अगदी कडेला एक थेंब टाकला. रंग बदलला नाही. काकांनी समाधानाने मान डोलावली आणि तिला कॅमेरा आणायला गाडीकडे पिटाळलं.

ती परतली तेव्हा काका चाकू पुसत होते. कातळावर नुसता ओरखडा उरला होता. शेजारी कागदी पुड्या मांडलेल्या: समितीला, संग्रहालयाला, परदेशातल्या मित्राला, घरच्या कपाटाला. काकांच्या नखांत राखाडी चुरा अडकला होता, आणि त्याच हाताने ते बिस्किट खात होते.

"सगळं काढलंत?"

"अगं, चिमूटभर नमुन्याला कोण विचारतं? आता खाण येवो नाहीतर भूकंप, धाकटी आपल्याकडे सुखरूप आहे."

परतीच्या वाटेवर ते गुणगुणत होते. तिने खिडकीची काच खाली केली, तरी त्या बिस्किटाचा गोडूस वास जाईना.

समितीने एकमताने धाकटीला 'अतिधोक्यात' ठरवलं. त्याच बैठकीत खाणीलाही परवानगी मिळाली, कारण त्या कातळावर जपण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. दोन्ही कागदांवर सही काकांची. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळे चहाकडे वळले.

काकांनी तिच्यापुढे एक पुडी धरली. शोधणारी म्हणून वर तिचं नाव होतं, सुबक अक्षरात. खास तुझ्यासाठी ठेवली, असं म्हणत त्यांनी नेहमीसारखा तिच्या पाठीवर थोपटायला हात उचलला.

ती मागे सरकली.

"काका," ती म्हणाली, "तो हात मला लावू नका."