घसरडं सूप

बोरम आणि दासोम दोघी दक्षिण कोरियातल्या वान्दो बेटावरच्या. एका आळीत वाढल्या, एका बाकावर बसल्या, आणि कॉलेज संपल्यावर नोकरी शोधायला एकाच बसनं राजधानीत, सोलला आल्या. नोर्यांगजिन या परीक्षा देणाऱ्यांच्या वस्तीत, चौथ्या मजल्यावर त्यांना शेजारशेजारच्या खोल्या मिळाल्या. खोल्या कसल्या, काड्यापेट्या! बोरमला कूस बदलायची तर आधी दार उघडून पाय बाहेर काढावे लागत. मधली भिंत इतकी पातळ, की दासोमला स्वप्न पडलं की त्यातलं अर्धं बोरमला दिसायचं.

त्या मजल्यावर तेवीस माणसं. कुणी पोलीसभरतीचा अभ्यास करतंय, कुणी शिक्षकाच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसतंय. सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. मालकीणबाई भात आणि किमचीचं लोणचं फुकट ठेवायची. ज्यानं त्यानं वाडगं भरायचं, खोलीत जायचं, दार लावून जेवायचं. दासोम सोडली तर बोरमशी बोलायचं ते फक्त भाताचं यंत्र. शिटी वाजवून म्हणायचं, "स्वादिष्ट भात तयार आहे." बोरम त्याला "बरं हं" म्हणायची. पुढे पुढे तर ती त्याला दिवसभराचं सगळं सांगायला लागली. यंत्र ऐकूनही घ्यायचं बिचारं.

दोघींनी एका बिस्किटांच्या कंपनीत अर्ज टाकला. बोरमला नकार आला, तिचा एकेचाळिसावा. दासोम म्हणाली, "मलाही नकोच म्हणाले गं." दोघींनी मिळून कंपनीला शिव्या घातल्या, तेवढंच बरं वाटलं.

आणि सोमवारी संध्याकाळी भिंतीतून आवाज आला. हळू, दबका.

"नमस्कार. मी लाटांना न घाबरणारी, बेटावर वाढलेली मुलगी, पार्क दासोम."

एकदा नाही, सात वेळा. मग दासोमच्या दाराशी बोरमला पिशवी दिसली, मुलाखतीला जाणाऱ्यांना नगरपालिका फुकट सूट वापरायला देते ती. भिंतीला कान लावल्यावर कंपनी कळली, तीच बिस्किटवाली, आणि दिवसही कळला. गुरुवार. म्हणजे दासोमचा वाढदिवस.

बोरम अंथरुणात पडून आढ्याकडे बघत राहिली. दासोमला नोकरी लागणार. ती दूर देजन शहरात, बिस्किटांच्या कारखान्याजवळ, कंपनीच्या वसतिगृहात राहायला जाणार. मग या एवढ्या शहरात मला नावानं हाक कोण मारणार? ते भाताचं यंत्र?

आता तिकडची रीत अशी, की वाढदिवसाला सकाळी समुद्रातल्या शेवाळाचं सूप प्यायचं. आईच्या हातचं, नाहीतर जवळच्या कुणाच्या. पण परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या दिवशी तेच सूप ओठाला लावायचं नाही. बुळबुळीत ना ते! माणूस घसरतो, नापास होतो. हे तिकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.

बोरमनं स्वतःला बजावलं, मी कुणाचं वाईट करत नाहीये. मैत्रिणीचा वाढदिवस करतेय. यात चुकलं कुठे?

गुरुवारी पहाटे ती स्वयंपाकघरात शिरली. गावाहून आलेलं सुकं शेवाळ काढलं. बेटावरच्या पोरीला का माहीत नव्हतं, चिमूटभर टाकलं की टोपभर होतं? पण मन थाऱ्यावर नव्हतं. तिनं अख्खं पाकीट पाण्यात उलटं केलं.

शेवाळ फुगलं. टोप भरला, सिंक भरलं, बादली भरली. एक फांदी तर जमिनीवरून सरपटत मालकीणबाईच्या चपलेपर्यंत गेली. बोरमनं मावेल तेवढं शिजवलं, वर टूना माशाचा डबा आणि तिळाचं तेल ओतलं. वास सगळ्या मजल्यावर घुमला.

बावीस दारं उघडली.

"कोण आहे ते?" पोलीसभरतीवाला दादा दात घासता घासता ओरडला. "इथे सगळे परीक्षा देणारे, आणि तू हे शिजवतेस? त्यापेक्षा विष घाल की सरळ!"

शिक्षिका होऊ पाहणारी ताई नाक दाबून उभी. "मी वास घेतला गं! वासानं काही होत नाही ना? परवा पेपर आहे माझा!"

"होतं," दादा म्हणाला. "अर्धे मार्क जातात."

ताई किंचाळून पळाली. बाकीची दारंही धडाधड बंद झाली.

राहिली दासोम. गळ्यापर्यंत बंद केलेला जाडा कोट, केस चापून बसवलेले.

"माझ्यासाठी केलंस?"

"वाढदिवस आहे ना तुझा."

दासोमनं सुपाकडे बघितलं. एक शब्द बोलली असती, 'मुलाखत आहे', तर सुटली असती. पण ती खाली बसली, चमचा उचलला. एक घोट. दुसरा. तिसऱ्याला बोरमचा हात आपसूक वाडग्यावर गेला.

"नको पिऊस. कोटाच्या आत सूट आहे. मला माहितीये."

"कधीपासून?"

"सोमवारपासून. भिंत आहे का ती!"

"आणि तरी शिजवलंस?"

"तरी नाही," बोरम म्हणाली. "म्हणूनच."

मागे यंत्र म्हणालं, "स्वादिष्ट भात तयार आहे."

"हात काढ," दासोम म्हणाली. तिनं वाडगं तळापर्यंत संपवलं, तोंड पुसलं. "मीठ कमी आहे." आणि निघून गेली.

पुढचे बारा दिवस भिंत गप्प. बोरमला पलीकडचं पान उलटलेलं ऐकू यायचं, आपल्यासाठी हाक तेवढी यायची नाही. एकदा तिनं भिंतीपाशी तोंड नेऊन "चुकलं माझं" म्हटलं, पण ते इतकं हळू, की तिचं तिलाही ऐकू गेलं नाही.

तेराव्या दिवशी दासोम दारात आली.

"लागली."

बोरमला हसायचं होतं. हसलीही. मग पाठ वळवून, घडी घातलेलं अंथरूण पुन्हा घडी घालायला लागली.

रविवारी तिनं दासोमची बॅग बसस्थानकापर्यंत ओढत नेली. दोघी बाकावर बसल्या.

"सांगितलं का नाहीस?" बोरमनं विचारलं.

"तुला नकार आला होता. कुठल्या तोंडानं सांगू?" दासोम म्हणाली. मग बॅगेचा पट्टा ओढत, "खरंच मला पाडायला निघाली होतीस तू?"

"हो."

"बाई गं! आणि वर तोंड करून हो म्हणतेस!" दासोम हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "मला वाटायचं, मी इथे असले काय, नसले काय, कुणाला काही फरक पडत नाही."

बस लागली. दासोम चढली. खिडकीतून काहीतरी म्हणाली, पण काच बंद होती.

बस वळणावरून दिसेनाशी झाली तरी बोरम हात हलवत राहिली. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला वाटलं, ही आपल्यालाच हात करतेय. त्यानंही केला.