मुंडक्याचा मान

"माणसाचं तारण विश्वासाने होतं, कर्मांनी नाही! नियमशास्त्र पाळून आजवर कोणी सार्वकालिक जीवन मिळवलेलं नाही आणि यापुढेही मिळवणार नाही!" हे वाक्य मंडळीतले ज्येष्ठ पंच एल्काना सिनुरात यांनी आमच्या तोबा तळ्याकाठच्या चर्चमध्ये एकोणचाळीस वर्षं दर रविवारी, घंटेला लाज वाटेल अशा आवाजात म्हटलं. चाळिसाव्या वर्षी, एका सोमवारी, त्यांनी डुक्कर सोडलं.

आमच्या बाताक लोकांत माणूस ताडी सोडतो, गाव सोडतो, एखादा तर गाणं म्हणायचंही सोडतो. डुक्कर सोडलेला माणूस तोवर कोणी पाहिला नव्हता. लग्न असो, मयत असो, नवं घर असो, डुक्कर कापलं जातं आणि त्याचे वाटे नात्याप्रमाणे ठरलेले असतात. मुंडकं कोणाचं, बरगडी कोणाची, शेपटाकडचा भाग कोणाचा, यावरून आमच्याकडे भांडणं खूप होतात, बदल मात्र होत नाही.

निमित्त झालं बोनार सिदाबुतारच्या मयतीचं. बोनार हा एल्कानांचा शाळेपासूनचा सोबती. चर्चच्या पाळक पांडिता लास्मा कबरीपाशी म्हणाल्या, "बोनारआजोबांचा विश्वास फार मोठा होता." एल्काना घरी आले, खाटेवर पडले आणि दुपारभर आपला विश्वास शोधत राहिले. आत भीती होती, पाठ असलेली भजनं होती, नावेत मांडी ठोकून बसलेला बोनार होता. विश्वास म्हणावा असं काही हाताला लागेना. एवढी वर्षं लोकांना ज्या घराचा पत्ता सांगितला, तिथे आपण स्वतः कधी गेलोच नाही की काय, असं त्यांना वाटायला लागलं.

दुसरा कोणी असता तर त्याने आवाज आणखी चढवला असता आणि वेळ मारून नेली असती. एल्कानांना स्वतःशी खोटं बोलता येत नसे. ही त्यांची खोड जुनी होती आणि तिच्यामुळेच लोक त्यांना मानत, अर्थात जरा लांबून. विश्वास सापडत नाही, तर निदान जे डोळ्यांना दिसतं ते तरी करावं, असं ठरवून त्यांनी बायबलातला जुना करार उघडला आणि त्यातलं नियमशास्त्र पाळायला घेतलं.

डुक्कर गेलं. रक्तात शिजवलेलं काहीही गेलं. खवले नाहीत म्हणून मागूर मासा गेला. शनिवारी शब्बाथ म्हणून काम बंद, रविवारी चर्च म्हणून बंद. सोमवारी शेतात जावं तर भात रुसून बसलेला. दोन जातींच्या धाग्यांचं कापड वापरू नये म्हणून त्यांनी बायकोची हातमागाची मानाची शाल एका कडेला उसवून पाहिली. त्यानंतरही ते जिवंत राहिले.

"देवाने डुक्कर केलं ते काय तुमची परीक्षा बघायला?" बायकोने, तियोलिनाने विचारलं.

"असेल."

"मग त्याच्याबरोबर खायला एवढी चांगली मिरी कशाला केली?"

याचं उत्तर नियमशास्त्राच्या लेवीय पुस्तकात नव्हतं.

पांडिता लास्मा समजूत घालायला आल्या. वय एकतीस. लहानपणी त्यांना धर्मशिक्षण दिलं ते एल्कानांनीच.

"आजोबा, तारण फुकट मिळतं, हे तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"शिकवलं. पण पांडिताबाई, मी डुक्कर सोडलं की नाही, हे ही माझी बायकोसुद्धा शपथेवर सांगेल. माझा विश्वास आहे की नाही, हे कोण सांगणार?"

पांडितांनी शहरात सहा वर्षं हाच विषय शिकला होता. त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "खरं सांगू का? मलाही रोज सापडत नाही."

"मग तुम्हीही मागूर खाऊ नका," एल्काना कळकळीने म्हणाले.

असे सहा महिने गेले आणि धाकट्या मुलीचं, रुगुनचं लग्न ठरलं. मुलगा पलीकडच्या काठावरच्या हासुदुंगान नाइबाहोचा. हासुदुंगान तळ्यात प्रवासी नाव चालवायचा. माणसं साधी, मुलगा चांगला, सगळं जमलं. आणि मग एकेकाच्या लक्षात यायला लागलं. चर्चमधला विधी झाला की मांडवात वरपक्ष डुकराचं मुंडकं मुलीच्या बापापुढे ठेवतो. बापाने ते दोन्ही हातांनी घ्यायचं आणि तिथूनच सगळ्यांचे वाटे करायचे. बापाने ते घेतलं नाही, तर पाळकांनी काहीही म्हटलेलं असो, मुलगी दिली असं आमच्याकडे कोणी मानत नाही.

"बाबा, घेणार ना?" रुगुनने आदल्या आठवड्यात विचारलं.

"प्रार्थना करतोय," बाप म्हणाला.

"हो की नाही, ते सांगा ना!"

"ते कळलं असतं तर प्रार्थना कशाला केली असती, पोरी?"

लग्नाच्या दिवशी मांडवात तीनशे माणूस चटयांवर बसलं होतं. भाताच्या वाफा, मिरीचा वास, ढोल. मुंडकं आलं, मोठ्या परातीत, कान ताठ, तोंडावर फार समाधानी भाव. वरपक्षाच्या वतीने बोलणाऱ्याने पाऊण तास पूर्वजांची नावं घेतली आणि परात एल्कानांच्या गुडघ्यांपाशी सरकवली. एल्कानांचे हात मांडीवरून हलले नाहीत.

"मला घेता येत नाही," ते म्हणाले. "तुमचा अपमान करायचा नाही. माझ्या सार्वकालिक जीवनाचा प्रश्न आहे."

ढोल थांबले. रुगुनने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने परातीकडे. तियोलिनाने शालीची उसवलेली कड मुठीत धरली आणि ती नवऱ्याचा गळा असल्यासारखी आवळली.

हासुदुंगान उभा राहिला. "व्याही, रेडा चालेल का? रेड्याचं मुंडकं आणतो. दोन दिवस द्या. नाव विकून टाकतो."

रेडा रवंथ करतो, त्याचे खूर चिरलेले असतात. रेडा नियमात बसत होता. एल्कानांचा जीव भांड्यात पडायला आला, एवढ्यात त्यांची नजर हासुदुंगानच्या हातांवर गेली. दोरखंड ओढून ओढून बोटं सरळच होत नव्हती. आपण स्वर्गात जायचं आणि या माणसाने उरलेला जन्म काठावर बसून काढायचा. हेही कुठल्याशा नियमात बसत नसावं, पण कुठल्या, ते त्यांना आठवेना.

तेव्हा मागून जाहोतांग उठला. हा तियोलिनाचा भाऊ, ताडीचा गुत्ता चालवणारा आणि निम्मी ताडी स्वतःच संपवणारा. एल्कानांनी त्याला दोनदा, भर चर्चमध्ये नाव वाचून, प्रभुभोजनातून बाहेर काढलं होतं. पण बायकोचा भाऊ म्हणजे आमच्याकडे देवाच्या खालोखाल. बरगडी त्याची.

"दाजी, एक विचारतो. रागावू नका. रागावलात तरी विचारणारच. रुगुनच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात माझी बरगडी कोणाला दिलीत?"

"तुलाच."

"मी होतो कुठे?"

"पिऊन नाल्यात पडला होतास."

"मग?"

"पानात बांधून आणून दिली."

"नुसती दिली नाहीत. नाल्यात उतरलात. कोट घालून! माझ्या छातीवर दोन्ही हातांनी ठेवलीत आणि वर म्हणालात, 'मान स्वीकारावा.' बायका अजून हसतात."

बायका हसल्या.

"मी मागितली होती?"

"नाही."

"महिनाभर आधी तुम्हीच मला चर्चमधून हाकललं होतंत. तेवढ्यात सुधारलो होतो?"

"तू? छे!"

"बरं, त्या वेळी मला आतून वाटत तरी होतं का, की ही बरगडी माझी म्हणून?"

"तुला त्या वेळी काहीही वाटत नव्हतं, जाहोतांग. तू घोरत होतास."

"तरी माझीच?"

"अरे, म्हणजे काय! मान कधी तुझ्या वागण्यावर असतो का? तुला काय वाटतं आणि काय नाही, याच्याशी त्याचा काय संबंध? ज्याचा आहे त्याचा तो..." एल्काना चिडून बोलत होते, ते तिथेच थांबले. तोंड उघडंच राहिलं.

"मी सकाळी उठलो तर छातीवर बरगडी," जाहोतांग म्हणाला. "बसलो आणि खाल्ली. मला एवढंच जमलं, बघा." आणि तो खाली बसला. बसताना शेजाऱ्याच्या ताटात बसला.

पांडिता लास्मा आपलं सहा वर्षांचं शिक्षण मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

एल्काना पुढे वाकले. परातीत काय होतं ते आता त्यांना नीट दिसतही नसावं. दोन्ही हातांनी त्यांनी मुंडकं उचललं, कपाळाच्या उंचीपर्यंत नेलं आणि म्हणाले, "मान पोचला." त्यांचा आवाज लहान होता, तरी तो शेवटच्या चटईपर्यंत गेला. मग ढोल असे वाजले की तळ्यावरचे बगळे उठले. हासुदुंगान आपल्या वाकड्या बोटांनी डोळे पुसत होता. रुगुन बापाच्या पाठीला कपाळ टेकून रडत होती, आणि बाप सुरी हातात घेऊन एकेकाचं नाव पुकारत होता: आधी जाहोतांगची बरगडी, मग भाऊबंद, मग जावई, मग तळ्यापलीकडची, मग जी आली नव्हती त्यांची. न आलेल्यांचे वाटे त्यांनी स्वतः पानात बांधले. कोणाला काय आणि कशासाठी मिळतंय, हे त्यांनी विचारलं नाही.

सगळ्यांचं झाल्यावर ते आपल्या ताटावर बसले. सात महिन्यांनी पहिला घास तोंडात घातला. तीनशे माणसं जेवायची थांबून त्यांच्या जबड्याकडे बघत होती. ते डोळे मिटून फार वेळ चावत राहिले.

पांडिता लास्मा जवळ येऊन बसल्या. "आजोबा," त्या हळूच म्हणाल्या, "आता कसं वाटतंय? आतमध्ये?"

एल्कानांनी डोळे उघडले. जीभ गालात इकडून तिकडे फिरवली.

"आत ना? त्या मागच्या दाढेत अडकलंय जरा," ते म्हणाले. "जरा एक काडी बघता का कुठे मिळाली तर?"