अडकली गं!

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. काळी, गोल, मधोमध भोक पाडलेली. माझ्यावर नावाड्यांची गाणी आहेत. वल्हं मारता मारता माणसं जी गातात, ती. अशी गाणी ऐकणारे लोक थोडेच असतात, म्हणून माझ्यासारख्या तबकड्या निघाल्याही थोड्याच.

कारखान्यात मला तापवून दाबलं, थंड केलं आणि होडीचं चित्र असलेल्या कव्हरात घातलं. मग मी एका दुकानात बरेच दिवस उभी होते. लोक होडी बघायचे आणि पुढच्या कव्हराकडे वळायचे.

एका संध्याकाळी नवीन लग्न झालेलं एक जोडपं आलं. तो औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायचा. ती इस्पितळात चादरी आणि उशांचे अभ्रे शिवायची. नवीन प्लेयर घेतला होता आणि पहिली तबकडी निवडायची होती. त्याच्या हातात काहीतरी सतारीचं होतं. तिने मला उचललं.

"ही घेऊ या."

"नावाड्यांची? अगं, आपल्याला पोहता तरी येतं का?"

"निदान ही माणसं गाताना काही काम तरी करतायत. तुमचा तो सतारवाला नुसता बसलाय."

तो हसला आणि मी त्या घरी गेले. पुढे सगळे त्यांना काका आणि काकू म्हणू लागले, मीही तेच म्हणते.

घर वरच्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, लाकडी फळ्यांची जमीन. बाहेरच्या खोलीत प्लेयर आणि काकांची खुर्ची, आत स्वयंपाकघर. काकूंनी माझ्या कव्हराला शाळेच्या पुस्तकाला घालतात तसा खाकी कागद घातला, आणि होडी दिसावी म्हणून त्याला खिडकी कापली.

पहिल्याच महिन्यात घात झाला. काकू प्लेयर पुसत होत्या. सुई माझ्यावरच होती, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. फडकं सुईच्या दांडीत अडकलं आणि सुई माझ्या अंगावरून कर्रकन गेली. तेव्हापासून तिसऱ्या गाण्यात ओरखडा आहे. सुई तिथे आली की मागे उडी मारते आणि तीच ओळ पुन्हा, पुन्हा, पुन्हा.

काकू रडल्या. काका म्हणाले, "असू दे गं. आता ही आपली झाली. अशी दुसरी कुठल्याच दुकानात मिळणार नाही."

मग एक सवय आपोआप लागली. संध्याकाळी काका मला लावत. काकू आत काहीतरी करत असत. तिसरं गाणं अडकलं की काका खुर्चीतून हाक मारत, "अडकली गं!" आणि काकू आतूनच जमिनीवर टाच आपटत. धप्! कुठली फळी आपटायची हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. सुई हलकेच उडे आणि नावाडी पुढे जात.

"अहो, हात लांब केला तर तुम्हालाही सरकवता येईल."

"येईल की. पण तुझ्यासारखी टाच कुणाची आहे?"

भांडण झालं, बोलणं बंद झालं, तरी काका मला लावायचे. ओळ अडकायची. काका गप्प, आत काकू गप्प. नावाडी बिचारे एकाच लाटेवर वर-खाली. शेवटी आतून धप्! आवाज यायचा, जरा जोरातच. तो आला की भांडण मिटलंच समजा. त्यांना मूलबाळ नव्हतं. असा त्यांचा सगळा संसार मी ऐकला.

काकू आजारी पडल्या तेव्हा खाट बाहेरच्या खोलीत आणली. उठवत नसे, म्हणून त्या पडल्या पडल्या काठी आपटत. नेम चुकायचा.

"ढकला ना तुम्हीच. किती वेळ तेच तेच ऐकायचं?"

"घाई नाही. परत मार."

त्या परत मारायच्या. हिवाळा संपता संपता काकू गेल्या.

काकांनी मला पुन्हा लावलं तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. तिसरं गाणं अडकलं. काका सवयीने म्हणाले, "अडकली गं!" आणि मग त्यांना कळलं. त्यांनी सुई उचलली नाही, पुढेही सरकवली नाही. ते बसून राहिले आणि मी तीच ओळ म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि पुढेही रोज. मित्रांनो, लोकांना वाटेल हे वेड आहे. पण एवढीच एक जागा उरली होती, जिथे काकूंना हाक मारता येत होती. मी अडकत होते, म्हणून ती जागा होती.

काकांचा एक भाचा होता. जीव लावणारा मुलगा. त्याला तबकड्यांचा भारी नाद. एकदा तो आला तर दारातूनच त्याला ती ओळ ऐकू आली. आत काका डोळे मिटून बसलेले.

"मामा, अहो काय हे! डोकं फिरेल तुमचं. मी तुम्हाला याची फाइल आणून देतो. एकदम उत्तम प्रत. खरखर नाही, काही नाही."

"फाइल अडकते का रे?"

"छे हो! फाइल कशी अडकेल?"

"मग नको."

भाच्याला वाटलं, मामाला फाइल नको, तबकडीच हवी. चार दिवसांनी काका कामावर असताना तो शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन आला आणि मला पिशवीत घालून घेऊन गेला.

त्याच्या मित्राच्या माडीवरच्या दुकानात जुन्या तबकड्यांच्या पेट्याच पेट्या होत्या. दुकानदार डोक्यावर कायम टोपी घालायचा, म्हणून त्याला टोपी म्हणत. तिथे सुट्टीच्या दिवशी शौकीन जमत. एवढं बोलत की ऐकायला वेळच उरत नसे. त्या दिवशी एक चष्मेवाला आणि एक दाढीवाला आले होते.

"एमपीथ्री ऐकणं म्हणजे जेवणाचा फोटो चाटणं."

"आणि तुझी ती मोठी फाइल? दूध तेच, पातेलं मोठं."

"नावाड्यांची गाणी? भरतीची की ओहोटीची?"

"भरतीची सगळेच ऐकतात रे. ओहोटीची मिळाली तर सांग."

मग टोपीने मला दिव्याखाली तिरकं धरलं आणि सगळे माझ्यावर वाकले.

"अरेरे. कुणी केलं हे पाप?"

त्यांच्यात एक रीत होती. चांगल्या तबकडीला चांगलं कव्हर, आणि खराब तबकडीला जे उरेल ते. टोपीकडे माझीच जुळी बहीण होती, अंगावर एक रेघ नसलेली. तिचं कव्हर ओलीने कुजलं होतं. त्यांनी तिला माझ्या खाकी कागदाच्या कव्हरात घातलं आणि तिचं कुजलेलं कव्हर फेकून दिलं. मला नाचाच्या बँडच्या एका रिकाम्या कव्हरात कोंबून जमिनीवरच्या पेटीत टाकलं. तिथे कुणी वाकत नसे.

भाच्याच्या तोंडावर असा आनंद होता, काय सांगू. "मामा आज कितीतरी दिवसांनी गाणं पुरं ऐकतील," तो म्हणाला. वाईट कुणीच नव्हतं, मित्रांनो. म्हणून तर रागवायलाही जागा नाही.

दोन दिवसांनी काका दुकानात आले. आवाज मी लगेच ओळखला.

"नावाड्यांची तबकडी आहे का?"

"काका, एकच होती. तुमचा भाचा घेऊन गेला. का, काही खराब निघाली?"

"नाही. चांगली आहे. फार चांगली आहे. पण मला ती नको. ओरखडा असलेली हवी. माझी."

चष्मेवाला हसला. "काका, लोक ओरखडा नसलेली मागतात. तुम्ही उलटेच की!"

"तुमची ती नवी," काका टोपीला म्हणाले, "तिसऱ्या गाण्यात थांबतच नाही. मी हाक मारतो, तोवर ती पुढे गेलेली असते."

मग कुणी हसलं नाही. टोपीने टोपी काढून डोकं खाजवलं. "असेल बघा त्या खालच्या पेट्यांत. मला आता आठवत नाही, काका, कशात घातली ते. रोज पन्नास येतात."

काका गुडघे धरून खाली बसले. ते होडी शोधत होते. त्यांना वाटलं, त्या दुसरीच्या कव्हरात मला घातलं असणार. एकेक कव्हर पुढे घेत ते माझ्यापर्यंत आले. त्यांचा अंगठा माझ्या कडेला लागला. त्यांनी नाचणाऱ्या बाईचं चित्र पाहिलं आणि मला मागे ढकललं.

मला ओरडता येत नाही. सुई लावल्याशिवाय मला तोंडच नाही.

ते पुढेही येत राहिले. एकदा भाचाही आला आणि त्यानेही वाकून शोधलं. कोपऱ्यात उभं राहून त्याने डोळे पुसलेले मी पाहिले. पण तोपर्यंत उशीर झाला होता. टोपीने न खपणारा माल एका कारागिराला दिला होता. जुन्या तबकड्यांची घड्याळं करतात, हल्ली लोकांना ती भिंतीवर आवडतात. माझ्या मधल्या कागदावर रंग फासला, भोकातून दांडी घातली आणि काटे बसवले. टोपीने कौतुकाने एक घड्याळ आपल्याच भिंतीवर लावलं. तेच मी.

शेवटच्या वेळी काका आले तेव्हा शोधून शोधून थकले होते. कमरेवर हात ठेवून ते उभे राहिले आणि त्यांनी वर बघितलं. सरळ माझ्याकडे. ओरखड्यावर उजेड पडला होता. मला वाटलं, आता ओळखतील.

"बराच उशीर झाला," काका म्हणाले. "निघतो. आता नाही यायचो."

ते जिना उतरून गेले आणि पुन्हा आले नाहीत.

मित्रांनो, कुणाच्या घरातली मोडकी वस्तू नीट करायला जाल, तेव्हा आधी त्या माणसाला विचारा. मोडकं तसंच का ठेवलंय, ते ऐका. आणि कुणी एकाच जागी अडकून बसलं असेल, तर लगेच पुढे ढकलू नका. जरा वेळ जवळ बसा. एवढंच माझं सांगणं.

खालच्या रस्त्याने एखादी जड गाडी गेली की ही भिंत हादरते. धप् असा आवाज होतो. दर वेळी मला वाटतं, आतून टाच आपटली. मी पुढच्या ओळीला तयार होते.

माझ्या अंगावर आता सुई नाही. काटा तेवढा पुढे सरकतो.