काचेची करकर

उन्हाळी सुट्टीत प्रयोगशाळेत काम शिकायला दोनशे अर्जांतून सहा जण निवडले, त्यांत ही पोरगी. तिची आई हॉस्टेलच्या खानावळीत भांडी घासायची. तिने ती बातमी इतक्यांना सांगितली, की ऐकायची राहिली ती फक्त पातेली. "माझी लेक शास्त्रज्ञ होणार!"

आणि लेकीच्या हाती काय आलं? भांडीच! फळमाश्या वाढवायच्या काचेच्या बाटल्या, रोज दीडशे, दोन महिने. पोरीने तोंडातून ब्र काढला नाही. शेवटी प्रयोगशाळेचे सर शिफारसपत्र देणार होते, आणि त्याशिवाय पुढच्या शिक्षणाला कुणी दारात उभं करणार नव्हतं.

सहाव्या आठवड्यात पीएचडीवाल्या ताईच्या माश्या पटापट मरायला लागल्या. तिच्या बाटल्या नव्या यंत्रात धुतलेल्या. पोरीने एकीवर ओलं बोट फिरवलं. साबण गेला की काच करकरते, हे आईने तिला लहानपणीच शिकवलेलं. ही बाटली गप्प. पोरीने त्या सगळ्या पुन्हा विसळल्या, आणि नव्या माश्या जगल्या.

"हे तुला कुणी शिकवलं?" सरांनी सगळ्यांसमोर विचारलं.

आईचं नाव जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. "पुस्तकात वाचलं, सर." लाज वाटली हो, दुसरं काय! संध्याकाळी फोनवर मात्र आईला म्हणाली, "तुझी करकर कामाला आली गं!"

शेवटच्या दिवशी ताईने सभेत सांगितलं, साबणाची चूक आमच्या लक्षात आली. आमच्या म्हणे! आणि सरांचं पत्र दोन ओळींचं. विद्यार्थिनी आज्ञाधारक आहे, बाटल्या अतिशय स्वच्छ धुते.

"मोठ्याने वाच," घरी आई म्हणाली. तिला अक्षरओळख नव्हती.

पोरीने मनचंच वाचलं. "हिने मोठी चूक शोधून काढली..."

आईने तिचा हात ओढून घेतला. बोटं साबणाने खाल्लेली, चिरा पडलेल्या. "हे मला वाचता येतं. खरं वाच."

पोरीने खरं वाचलं. आईने तिचा हात सोडला.

"आणि करकर कुणी शिकवली, ते विचारलं का त्यांनी?"

"विचारलं."

"मग?"

आणखी खोटं बोलायचं त्राण पोरीत उरलं नव्हतं. "पुस्तकात वाचलं म्हटलं."

आईने पत्राची नीट घडी घातली आणि तिला परत दिली. "बरं केलंस," ती म्हणाली. "उद्या खानावळीत पत्राचं विचारतील. मलाही असंच काहीतरी सांगावं लागेल."