डावीकडून आलेल्या गोळ्या

दीड महिना दर शनिवारी दुपारी मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत बंदुका चालायच्या. टीव्हीवर धुळीने भरलेलं गाव, लाकडी घरं, टेकडीवरून उतरणारे घोडेस्वार दरोडेखोर. समोर चटईवर पप्पा आणि त्यांच्या डाव्या हाताला लॅपटॉप मांडीवर घेऊन संघमित्रा.

कल्पना तिचीच. फिजिक्समध्ये एमएस्सी झाल्यावर तिला हैदराबादला पीएचडीसाठी जागा मिळाली होती आणि जायला अडीच महिने उरले होते. पप्पांना, म्हणजे सहदेवना, पत्र्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. अठ्ठावीस वर्षं पत्रा दाबायच्या प्रेससमोर उभा राहिलेला माणूस आता खिडकीत उभा राहायचा. फोनवर 'बरी आहेस ना, ठेवतो' याच्यापुढे त्यांची गाडी कधी जात नसे. हा गेम मात्र दोन गावांतून दोघांना एकत्र खेळता येत होता. पप्पांना तो जमला, तर ती गेल्यावरही शनिवार दोघांचा राहणार होता. तिला एवढंच हवं होतं.

पप्पांना गेम आवडला. शेरीफला ते हवालदार म्हणत. घोडा दमला की त्याला पाणी पाजल्याशिवाय पुढे जात नसत. फक्त गोळीबार सुरू झाला की रस्त्याच्या मधोमध उभे राहत.

"पप्पा, आडोशाला जा ना!"

"चार जणं तर आहेत गं. त्यांना काय घाबरायचं?"

"मेलात."

"मग? परत उठतो की."

संघमित्राने हे मनावर घेतलं. एका सकाळी एकटीने त्या गावातल्या प्रत्येक वस्तूवर गोळ्या झाडून पाहिल्या आणि वहीत लिहिलं. लाकडी पिंप तीन गोळ्यांत फुटतं. घोडागाडीमागे उभं राहिलं तर पाय उघडे राहतात. घोड्यांच्या पाण्याचं दगडी कुंड फुटतच नाही, पण त्यामागे बसूनच राहायला हवं. भिंतीच्या उजव्या टोकाशी राहिलं तर अंग कमी दिसतं. समोरचा बंदूक भरतो तेवढ्यात पुढच्या आडोशाकडे पळायचं. शेवटच्या ओळीखाली तिने दोन रेघा मारल्या: आडोसा एकाच बाजूने वाचवतो. दरोडेखोर वळसा घालून येतात, आणि दिसायच्या आधी ऐकू येतात.

म्हणून तिसऱ्या शनिवारी तिने हेडफोन आणले.

"डावीकडून गोळी आली तर डाव्या कानात वाजणार, उजवीकडून आली तर उजव्या. सोप्पं आहे."

पप्पांनी हेडफोन उलटसुलट करून पाहिले. "टीव्हीचा आवाज बरा आहे की."

"टीव्हीवर दिशा नाही कळत, पप्पा. घाला ना, माझ्यासाठी."

"बरं," म्हणाले ते, आणि घातले.

आडोसा आता ते अगदी वहीबरहुकूम घ्यायला लागले. पिंप सोडून दगडी कुंड निवडायचे, बसून राहायचे, मोजून गोळ्या झाडायचे. आणि आधीपेक्षा जास्त मरायचे. संघमित्राला हे कोडं सुटेना. प्रयोग म्हटला की नोंद आलीच, म्हणून ती पहिल्या शनिवारपासून प्रत्येक मरण लिहून ठेवत होती: जागा, आडोसा, गोळीची दिशा. लिहीत होती, वाचत नव्हती.

सहाव्या शनिवारी तिचा कॉलेजातला मित्र विशाल घाटकोपरहून आला. पप्पा कुंडामागे बसून समोरच्या दोघांशी लढत होते. डावीकडून तिसरा दरोडेखोर आरामात चालत आला, थांबला, नेम धरला.

"डावीकडे! पप्पा, डावीकडे बघा!"

पप्पा समोर बघत राहिले. पडदा लाल झाला.

विशाल हसून लोळला. "काका, तो बिचारा वाटेत चहा पिऊन आला असता तरी तुम्हाला पत्ता लागला नसता!"

पप्पाही हसले. संघमित्राला मात्र हसू आलं नाही. इतकी मेहनत, इतक्या नोंदी, आणि हे लक्षच देत नाहीत. "किती वेळा सांगायचं? बहिरे आहात का तुम्ही?"

पप्पांनी हेडफोन काढले. "काय म्हणालीस?"

आणि तिने तेच, तेवढ्याच मोठ्याने, परत म्हटलं.

विशाल मोबाइलमध्ये बघायला लागला. पप्पांनी हेडफोनची वायर नीट गुंडाळली, टोक आत खोचलं, हेडफोन टीव्हीवरच्या फळीवर ठेवले. "तुम्ही खेळा रे पोरांनो. मला नाही जमत हे."

पुढच्या शनिवारी ते खिडकीत उभे होते. त्याच्या पुढच्याही. "अगं, डोळे दुखतात," म्हणाले. तिने हट्ट केला, रुसून पाहिलं. उपयोग शून्य. शेवटी तिने ठरवलं की आकड्यांनीच पटवायचं. नोंदींत कुठेतरी ते सुधारताना दिसतीलच.

तिने वही उघडली. त्रेसष्ट मरणं. हेडफोनच्या आधीची बावीस: डावीकडून सात, उजवीकडून सहा, समोरून नऊ. हेडफोननंतरची एकेचाळीस: डावीकडून छत्तीस.

पहिला संशय यंत्रावर घ्यायचा, हे तिला प्रयोगशाळेत शिकवलं होतं. तिने हेडफोन घातले आणि कुंडामागे जाऊन बसली. डावीकडून गोळी आली, डाव्या कानात लख्ख वाजली. हेडफोन उलटे करून पाहिले. दोन्ही बाजू ठणठणीत.

यंत्र बरोबर होतं. मग उरलं काय, ते तिला कळलं, आणि ती हेडफोन तसेच कानांवर ठेवून बसून राहिली. पप्पा फोन नेहमी उजव्या कानाला लावतात. जेवायला बसतात ते डावा खांदा भिंतीकडे करून. टीव्ही बघताना मान जराशी वळवतात. टीव्हीचा सगळा आवाज चांगल्या कानाला मिळत होता, दिशा कळली नाही तरी गोळी ऐकू तरी येत होती. तो आवाज तिने दोन भागांत तोडला आणि अर्धा मेलेल्या कानात ओतला.

आई, मीरा, स्वयंपाकघरात मेथी निवडत होती.

"मम्मी, पप्पांना डाव्या कानाने ऐकू येत नाही?"

"त्या बाजूलाच दुसरी प्रेस होती ना त्यांच्या. तू दहावीत होतीस तेव्हापासनं गेलाय तो कान."

"मला सांगितलं का नाही कुणी?"

मीराने मान वर केली. "सांगायचं काय त्यात? रस्त्यात तू कायम त्यांच्या उजवीकडनं चालतेस. मला वाटलं, कळलंय तुला."

कायम उजवीकडूनच. कारण पप्पा दर वेळी हळूच तिच्या डावीकडे सरकायचे. ट्रॅफिकची बाजू स्वतःकडे घेतात, असं तिला वाटायचं.

निघायच्या आदल्या शनिवारी ती खिडकीपाशी गेली, त्यांच्या उजव्या बाजूला. "पप्पा, सॉरी. मी तसं बोलायला नको होतं."

"अगं, तुला काय ठाऊक होतं?"

"ठाऊक असायला हवं होतं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं."

पप्पांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला. मग म्हणाले, "प्रेसवर कुणालाच काही ऐकू यायचं नाही. सीताराम माझ्या डावीकडच्या मशीनवर. काही असलं की खांद्यावर दोन बोटं मारायचा. एकदा मारली की थांब, दोनदा मारली की हात मागं घे. चौदा वर्षं होता बाजूला. म्हणून बोटं शाबूत आहेत माझी."

ती बळंच त्यांना चटईवर घेऊन आली. हेडफोन फळीवरच राहिले. गेममध्ये आवाजाची दिशा पडद्यावर बाणाने दाखवायची सोय होती. सेटिंगच्या दुसऱ्या पानावर, पहिल्या दिवसापासून. तिने ते पान आज पहिल्यांदा उघडलं आणि बाण चालू केला. लॅपटॉप बंद ठेवून ती त्यांच्या डावीकडे बसली.

पप्पा कुंडामागे गेले. समोर दोघे. डावीकडून तिसरा निघाला, पडद्यावर बाण उमटला. तिने त्यांच्या खांद्यावर दोन बोटं मारली.

पप्पा दचकून वळले. पडद्यावर डावीकडे नाही, तिच्याकडे. काही चुकलं का, म्हणून त्यांनी तिचा चेहरा वाचला, आणि तेवढ्यात पडदा लाल झाला.

"मेलो का?"

"हो."

"परत करू?"

परत केलं. पुन्हा बाण उमटला. या वेळी तिने हात मागेच ठेवला. पप्पांना बाण दिसला, बंदूक वळवायला वेळही होता. पण त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, आणि पडदा पुन्हा लाल झाला.

"रागावू नकोस हं," म्हणाले. "शिकतो मी."

तिने वही ओढून घेतली, चौसष्टाव्या ओळीवर पेन टेकवलं. दोन्ही वेळा पप्पा गोळीआधी तिच्याकडे वळले होते. दिशेच्या रकान्यात तिने काहीच लिहिलं नाही.