शंभर टक्के निकाल

तिसरा मुलगा बोलून गेला आणि दीक्षाबाई सोनवण्यांचं डोकं फिरलं. कोथरूडच्या त्या खासगी पॉलिटेक्निकमध्ये त्या बाहेरून परीक्षक म्हणून आल्या होत्या, कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची इंग्रजी संभाषणाची तोंडी परीक्षा घ्यायला. तिन्ही मुलांचे वडील बँकेत नोकरीला होते. तिघांनाही वाचनाचा छंद होता. आणि तिघंही अगदी एकाच शब्दावर अडखळले होते.

इथे इंग्रजी शिकवतं कोण, असं त्यांनी विचारलं. शेजारी बसलेले तिथले प्राध्यापक अभय गोडबोले शांतपणे म्हणाले, कोणीच नाही. एका विषयासाठी पगार कोण देणार? मुलांना समोरच्या क्लासला पाठवतात. क्लास संस्थाचालकांच्या मेहुण्याचा आहे. तिथे एक परिच्छेद घोकून घेतात, बँकेतल्या वडिलांसकट.

"पण हा विषय आपणच आणलात ना?" गोडबोले म्हणाले. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच."

खोटं नव्हतं ते. अभ्यासक्रम सुधारणा समितीत दीक्षाबाईच या पेपरसाठी हट्टाला पेटल्या होत्या. हिंजवडीच्या कंपन्या मराठी माध्यमाच्या पोरांना मुलाखतीच्या दारातूनच परत पाठवत होत्या. एके काळी खुद्द त्यांनाही कोणी असंच परत पाठवलं होतं. आपल्याकडे ज्याला मार्क नाहीत ते शिकवत नाहीत, म्हणून त्याला मार्क ठेवा, पास होणं सक्तीचं करा, म्हणजे झक मारत शिकवतील, असा त्यांचा हिशेब. कसलं काय! शिकवणं राहिलं बाजूला, उरले नुसते मार्क. ज्यांच्यासाठी केलं त्यांच्याच गळ्याला फास.

मग भाग्यश्री वानखडे आली. वाशीमकडची पोर, वर्गात पहिली. हिंजवडीतल्या एका कंपनीने तिला निवडलंही होतं, फक्त डिप्लोमा हातात पडायची खोटी. "माय फादर इज..." म्हणाली आणि थांबली. दीक्षाबाईंनी वाट पाहिली.

"मॅडम, माझे वडील बँकेत नाहीत," ती मराठीत म्हणाली. "भोसरीच्या कारखान्यात होते, तो बंद पडला. हे इंग्रजीत कसं सांगायचं ते आम्हाला कोणी शिकवलं नाही."

नियमाने ती नापास. खोटं घोकलेले पास, खरं बोलली ती नापास! दीक्षाबाईंना त्या क्षणी संस्थाचालक, त्यांचा तो मेहुणा, समिती आणि स्वतः, सगळ्यांचा सारखाच संताप आला. शिकवलंच नाही म्हणून परीक्षाच घेत नाही, असा शेरा मारून उठावं, असं मनात आलं. पण मग अख्ख्या वर्गाचा निकाल अडकला असता, आणि कंपनी काही थांबणार नव्हती. त्यांनी दात-ओठ खात सगळ्या वर्गाला पास केलं. भाग्यश्रीला सगळ्यात जास्त मार्क दिले.

निकालानंतर समितीची बैठक झाली. अध्यक्ष रंगराव मोहिते खुशीत होते. मराठी माध्यमाची मुलं या पेपरात आपटतील म्हणून लोक ओरडत होते, आणि सोनवणेबाईंनी तपासलेल्या कॉलेजचा निकाल शंभर टक्के! तेही तिथे इंग्रजीचा एकही शिक्षक नसताना. तेव्हा आता हा पेपर पहिल्या वर्षापासून ठेवावा, आणि त्यासाठी शिक्षकांची वेगळी पदं मागूच नयेत, असा ठराव त्यांनी मांडला. टाळ्या पडल्या.

दीक्षाबाई उभ्या राहिल्या.

"माझा विरोध नोंदवून घ्या."

"कारण?" रंगरावांनी विचारलं.

मी खोटे मार्क दिले, एवढंच सांगायचं होतं. ते शब्द अगदी जिभेवर आले होते. पण ते बाहेर पडले असते तर वर्गाचा निकाल रद्द झाला असता, आणि भाग्यश्री तर सोमवारीच हिंजवडीत रुजू झाली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. सगळे त्यांच्याकडे पाहत होते.

"बाई, कारण सांगा ना."

दीक्षाबाई खाली बसल्या.

"लिहा," रंगराव कारकुनाला म्हणाले, "एका सदस्याचा विरोध. कारण दिलं नाही."